पेशीच्या दप्तरातील एक अक्षर

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठी घरातील लहान मुलालाही ठाऊक असतो. सन १७७३ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रात राघोबादादांनी ‘नारायणरावांस धरावे’ असे लिहिले होते. आनंदीबाईंनी ‘ध’ खोडून तेथे ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरी की लोकांनी मागाहून रचलेली, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. परंतु त्या कथेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गारद्यांनी पत्राचा हेतू विचारला नाही. जे लिहिले होते तेच त्यांनी अक्षरशः केले. हुकूम बजावणाऱ्यांचा बिनचूकपणाच तेथे घातक ठरला.

मानवी शरीरात असे पत्र वाचणारे आणि अक्षरशः हुकूम बजावणारे असंख्य सेवक दर क्षणी राबत असतात. त्यांच्या कामावर आपले जगणे अवलंबून आहे. आणि मूळ पत्रातले एखादे अक्षर बदललेले असले, तर त्यांच्या त्याच इमानदारीमुळे घराघरांत दुःखही उत्पन्न होते.

असे एक दुःख प्रथम १९१० मध्ये वैद्यकाच्या नोंदीत आले. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात गोल तबकडीसारख्या तांबड्या पेशींबरोबर लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी त्यांना दिसल्या. विळ्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून या विकाराला ‘सिकल सेल’ हे नाव पडले. हिंदुस्थानात त्याचा शोध १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत प्रथम लागला. आज विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया हे जिल्हे, सातपुड्यातील नंदुरबार, दक्षिण गुजरातचा डोंगरी पट्टा आणि माळव्याच्या पश्चिमेचे झाबुआ व अलिराजपूर येथील गावांत हे नाव सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मूल वारंवार आजारी पडते, डोळे पिवळे दिसतात, पांढरी वाढते, हातापायांचे सांधे असह्य दुखतात. कोणी त्याला दृष्ट म्हणतो, कोणी घराण्याचा शाप म्हणतो, आणि पुष्कळदा तर सारा दोष मुलाच्या आईच्या माथी मारला जातो.

वास्तविक या साऱ्याच्या मुळाशी आहे ते केवळ एक अक्षर. ते अक्षर कोठे लिहिलेले असते, ते कोण वाचते आणि वाचून काय घडवते, हे समजले म्हणजे दृष्ट, शाप आणि दोष हे तिन्ही शब्द आपोआप गळून पडतात.

आरंभ प्रथिनांपासून केला पाहिजे. प्रथिन म्हणजे डाळीतला पौष्टिक अंश, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु डाळीतले प्रथिन जसेच्या तसे अंगी लागत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांतून शरीर स्वतःला हवी ती प्रथिने नव्याने घडवते. केस आणि नखे ही प्रथिनांची. स्नायू आकुंचन पावतात ते प्रथिनांच्या बळावर. अन्न पचवणारे पाचक रस प्रथिनांमुळेच कार्य करतात. रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन हेही प्रथिन. आणि फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो अंगभर पोहोचवणारे, रक्ताला तांबडा रंग देणारे हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. घर बांधण्याच्या विटा आणि ते बांधणारे गवंडी, दोन्ही कामे शरीरात प्रथिनेच करतात, असे म्हटले तरी चालेल.

ही सर्व प्रथिने एकाच रीतीने बनलेली असतात. अॅमिनो आम्ल नावाचे बारीक मणी एकापुढे एक ओवले की त्यांची माळ होते. मण्यांचे प्रकार अवघे २०. माळ मात्र हवी तेवढी लांब आणि हव्या त्या क्रमाने ओवता येते. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनच्या ५१ मण्यांचा क्रम शोधून काढला, तेव्हा एक गोष्ट निर्विवाद ठरली: प्रत्येक प्रथिनाचा मणिक्रम ठरलेला असतो, त्यात मनमानीला वाव नाही. या कार्याबद्दल सँगर यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला की, हा क्रम पेशीला सांगतो कोण?

क्रम सांगणारे दप्तर पेशीच्या केंद्रकात असते. जुन्या कचेरीत मूळ दस्तऐवज जसे कुलपाखाली ठेवीत, तसे ते तेथे जपून ठेवलेले असते. हा दस्तऐवज ज्या पदार्थावर लिहिला आहे त्याला डी.एन.ए. म्हणतात. स्विस संशोधक फ्रीड्रिख मीशर यांना तो १८६९ मध्ये इस्पितळातील जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवात सापडला होता. पण त्याचे कार्य काय, हे पाऊण शतक कोणास कळले नाही. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूंवर प्रयोग करून दाखवले की, आनुवंशिक गुण एका जंतूतून दुसऱ्यात नेणारा पदार्थ हाच होय. पुढे १९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी त्याची दुहेरी, पिळाच्या दोरासारखी रचना उलगडली. त्या यशात रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा वाटा फार मोठा होता.

या दस्तऐवजाची लिपी चार अक्षरांची आहे. चार रासायनिक घटकांची ती आद्याक्षरे: ए, टी, जी आणि सी. दोराच्या दोन पदरांवर ही अक्षरे समोरासमोर जोडीने बसतात. ए समोर नेहमी टी, आणि जी समोर नेहमी सी. आईकडून मिळालेल्या दप्तरात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात आणि वडिलांकडून मिळालेल्या दप्तरात तेवढीच. एका पेशीतील हा सगळा दोर उलगडून सरळ धरला तर त्याची लांबी दोन मीटरच्या आसपास भरेल. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात ४६ गुंडाळ्या करून ठेवलेला असतो. त्यांनाच गुणसूत्रे म्हणतात. या लांबच लांब मजकुरात प्रथिनांच्या माळांचे वर्णन करणारी जी प्रकरणे आहेत ती जनुके. माणसात प्रथिने सांगणारी जनुके सुमारे २०,००० आहेत.

आता कचेरीचा एक नियम सर्वांना ठाऊक असतो. मूळ दस्तऐवज बाहेर नेता येत नाही. लागेल त्या पानाची नक्कल मिळते. पेशीतही नेमके हेच घडते. प्रथिने बनवण्याचा कारखाना केंद्रकाच्या बाहेर आहे. म्हणून हव्या त्या जनुकापाशी दोराचे दोन पदर थोडे विलग होतात आणि एका पदरावरून अक्षरागणिक नक्कल उतरवली जाते. ही नक्कल डी.एन.ए.च्या जवळच्या नात्यातील आर.एन.ए. या पदार्थाची असते. तिच्यात टी च्या जागी यू हे अक्षर येते. बाकी मजकूर तोच. ही नक्कल केंद्रकातून निरोप घेऊन बाहेर जाते म्हणून तिला ‘संदेशवाहक आर.एन.ए.’ असे नाव आहे. तिचे अस्तित्व १९६१ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले.

नक्कल बाहेर पाठवण्यापूर्वी आणखी एक संस्कार होतो. मूळ प्रकरणात मधूनमधून असा मजकूर असतो की ज्याचा माळेशी संबंध नाही. तो कापून टाकून उरलेले भाग सांधले जातात. ही विलक्षण गोष्ट १९७७ मध्ये उघडकीस आली.

नकलेच्या या पद्धतीत मोठी सोय आहे. मूळ प्रत सुरक्षित राहते. एकाच पानाच्या हजारो नकला काढून काम झटपट उरकता येते, आणि गरज सरली की नकला मोडून टाकता येतात. याहूनही महत्त्वाचे असे की, बहुतेक प्रत्येक पेशीजवळ संपूर्ण दप्तर असते, पण ती आपल्या कामापुरत्याच पानांच्या नकला काढते. स्वादुपिंडातील ठराविक पेशी इन्शुलिनचे पान उघडतात. हाडांच्या मगजात तांबड्या पेशी तयार होत असताना हिमोग्लोबिनची पाने उघडली जातात. डोळ्यातील पेशीजवळही ती पाने असतातच. पण तेथे ती मिटलेली राहतात.

नक्कल कारखान्यात पोहोचली. पण अडचण अशी की, तिची भाषा चार अक्षरांची आणि माळेचे मणी वीस प्रकारचे. एका अक्षराने एक मणी सांगावा तर चारच मणी सांगता येतील. दोन अक्षरांच्या जोड्या केल्या तर चार चोक १६. तरीही चार मणी उरतात. तीन अक्षरांचे शब्द केले तर मात्र ६४ शब्द होतात आणि भागून उरते. तेव्हा शब्द तीन अक्षरांचा असावा, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला.

पेशीच्या या लेखनात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते; सलग वाचत जावे लागते. त्याचा परिणाम पहिलीतल्या मुलाच्या पुस्तकावरून समजून घेता येईल. ‘कमळ बदक मगर गवत’ हे शब्द जोडून लिहिले तरी तीन-तीन अक्षरे मोजून वाचणाऱ्याला ते बिनचूक वाचता येतात. पण त्यातले दुसरे अक्षर ‘म’ गळाले, तर वाचन होते ‘कळब दकम गरग वत’. एका अक्षराच्या लोपाने पुढचा सगळाच मजकूर निरर्थक होतो. १९६१ मध्ये क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूच्या जनुकावर याच तत्त्वाची परीक्षा घेतली. एक अक्षर वगळले, काम बिघडले. दोन वगळली, तरी बिघडलेलेच. जवळपासची तीन वगळली तेव्हा मात्र पुढचे वाचन पुन्हा मार्गावर आले. शब्द तीन अक्षरांचा, हे त्यायोगे निश्चित झाले.

परंतु कोणता शब्द कोणता मणी सांगतो? या कोशाचा पहिला शब्द मे १९६१ मध्ये अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी वाचला. पेशी फोडून मिळवलेल्या रसात त्यांनी हाताने बनवलेला एक निरोप घातला. त्यात दुसरे अक्षरच नव्हते, यू-यू-यू-यू, एवढेच. तयार झालेल्या माळेत एकाच जातीचे मणी होते, फेनिलअॅलनीन या अॅमिनो आम्लाचे. यू-यू-यू या शब्दाचा अर्थ लागला.

कोश पुरा करण्याच्या कामात ज्यांचे नाव अग्रभागी आहे ते हरगोविंद खुराना. १९२२ च्या सुमारास पंजाबातील रायपूर नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. ते खेडे आता पाकिस्तानात आहे. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठ्यासारखे गावचे हिशेब आणि जमिनीची दप्तरे राखणारे. शंभरेक माणसांच्या त्या गावात लिहितावाचता येणारे घर जवळजवळ त्यांचे एकच होते, आणि हरगोविंदांची पहिली शाळा झाडाखाली भरे. दप्तरे राखणाऱ्याच्या या मुलाने पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात पेशीच्या दप्तराची भाषा उलगडली. त्यांची रीत मोठी सुबक होती. यू-सी-यू-सी-यू-सी अशी दोन अक्षरे आळीपाळीने येणारा निरोप त्यांनी रसायनांतून घडवला. तीन-तीन अक्षरांनी वाचल्यास त्यातून दोनच शब्द निघतात, यू-सी-यू आणि सी-यू-सी, तेही एकाआड एक. आणि माळही तशीच मिळाली: सेरीन, ल्यूसीन, पुन्हा सेरीन, पुन्हा ल्यूसीन. १९६६ पर्यंत ६४ ही शब्दांचे अर्थ लागले. त्यांतील ६१ शब्द मणी सांगतात आणि उरलेले तीन हे पूर्णविराम आहेत; ते आले की माळ संपते. पुष्कळ मण्यांना एकाहून अधिक शब्द आहेत, जसे आपल्या भाषेत पाण्याला जल, नीर, उदक. १९६८ चे नोबेल पारितोषिक खुराना आणि निरेनबर्ग यांच्यासह रॉबर्ट हॉली यांना मिळाले.

हॉली यांचे कार्य या साखळीतील आणखी एका दुव्याविषयी होते. कोश तयार झाला तरी पेशीत तो वाचून अर्थ सांगणारा कोणी हवा. सीमाभागातील कचेऱ्यांत ज्याला दोन्ही भाषा येतात असा दुभाष्या जसा लागतो, तसाच दुभाष्या येथेही आहे. त्याचे नाव वाहक आर.एन.ए. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरे असतात. ती नकलेतील जुळत्या शब्दापुढे बसतात. दुसऱ्या टोकाला त्याने त्या शब्दाचा मणी धरलेला असतो. हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधील अशा एका दुभाष्याची सर्व अक्षरे वाचून दाखवली.

पण दुभाष्याच्या हाती योग्य तोच मणी देतो कोण? त्यासाठी २० निराळी प्रथिने नेमलेली आहेत, प्रत्येक मण्यासाठी एक. त्यांचा निवाडा हाच अखेरचा. पुढे तपासणी नाही. १९६२ मध्ये एका चतुर प्रयोगाने हे सिद्ध झाले. सिस्टीन हा मणी धरलेल्या दुभाष्याच्या हातातच रासायनिक क्रियेने बदल करून त्या मण्याचा अॅलनीन करण्यात आला. कारखान्याने दुभाष्याचा शब्द पाहिला, हातातला मणी पाहिलाच नाही, आणि जेथे सिस्टीन यायला हवे तेथे मुकाट्याने अॅलनीन ओवले. गारदी पत्राचा हेतू विचारीत नाहीत, ते असे.

ज्याला येथवर कारखाना म्हटले त्याचे नाव रायबोसोम. एकेका पेशीत असे लाखो रायबोसोम असतात. प्रत्येकाचे दोन भाग: लहान आणि मोठा. नकलेवर ए-यू-जी हा शब्द सापडला की तेथून माळेला आरंभ होतो. लहान भाग नकलेतील शब्द आणि दुभाष्याची तीन अक्षरे यांचा मेळ बसतो की नाही हे पाहतो. मेळ बसला की मोठा भाग नवा मणी आधीच्या माळेला जोडतो. मग रायबोसोम नकलेवरून बरोबर तीन अक्षरे पुढे सरकतो, रिकामा दुभाष्या निघून जातो आणि नवा येतो. मानवी पेशीत हे काम सेकंदाला सुमारे पाच-सहा मणी या वेगाने चालते, आणि काही हजार मणी ओवले जातात तेव्हा कोठे एखादी चूक होते. एकाच नकलेवर एकामागून एक असे अनेक रायबोसोम, वारीतल्या दिंडीसारखे, चालत असतात.

रायबोसोमची अंतर्रचना कळण्यास मात्र सन २००० उजाडावे लागले. त्याबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक एडा योनाथ, थॉमस स्टाइट्झ आणि वेंकटरामन रामकृष्णन यांना मिळाले. लहान भागाची रचना रामकृष्णन यांनी केंब्रिज येथे उलगडली. वडोद्याच्या लोकांना त्यांचे नाव विशेष जवळचे वाटते. कारण त्यांचे बालपण आणि शिक्षण त्या शहरात झाले, आणि १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. या संशोधनाचा व्यवहारातही उपयोग आहे. स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन, एरिथ्रोमायसीन ही औषधे जंतूंचे रायबोसोम अडवून धरतात. जंतूंचे आणि माणसाचे रायबोसोम थोडे निराळे असल्यामुळे जंतूचा कारखाना बंद पडतो आणि रोग्याचा चालू राहतो.

माळ ओवून झाली म्हणजे प्रथिन तयार झाले असे नव्हे. माळ आपोआप दुमडते, वळते आणि तिला ठराविक घडण येते. काही मण्यांना पाणी मानवते, काहींना मानवत नाही. पाणी न मानवणारे मणी तेलाच्या थेंबांप्रमाणे एकमेकांशी सलगी करून आत दडतात. पाणी मानवणारे बाहेर राहतात. प्रथिनाचे सगळे कार्य या घडणीवर अवलंबून, आणि घडण मणिक्रमावर अवलंबून.

आता पुन्हा विळ्याच्या आकाराच्या पेशीकडे वळता येईल. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार माळा असतात: १४१ मण्यांच्या दोन आणि १४६ मण्यांच्या दोन. या दुसऱ्या माळेला बीटा असे म्हणतात आणि तिचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. तिच्या सहाव्या मण्यासाठी नकलेत जी-ए-जी हा शब्द असतो. त्याचा अर्थ ग्लूटामिक आम्ल. हा पाणी मानवणारा मणी. सिकल सेलच्या रोग्यात त्या शब्दाचे मधले अक्षर बदललेले असते आणि नकलेत जी-यू-जी असे उमटते. नक्कल उतरवणारा ते जसेच्या तसे उतरवतो. दुभाष्या त्या शब्दाचा खरा अर्थ सांगतो, व्हॅलीन. रायबोसोम व्हॅलीन ओवतो. कोणीही चुकलेले नाही. प्रत्येकाने आपले काम चोख केलेले आहे. पण व्हॅलीनला पाणी मानवत नाही, आणि तो मणी रेणूच्या बाहेरच्या अंगाला आलेला असतो.

त्याचा परिणाम काय होतो? हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हा बाहेरचा व्हॅलीन शेजारच्या रेणूतील खोबणीत जाऊन बसतो. त्याला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. पाहता पाहता रेणूंचे ताठ दोर तयार होतात आणि मऊ, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. बारीक रक्तवाहिन्यांतून ती सरकत नाही. वाट तुंबते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. असह्य वेदना येतात त्या यातून. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. अंगातले रक्त कमी होते, डोळे पिवळे पडतात.

हा विकार रेणूचा आहे, असे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. त्यातील बदल एकाच मण्याचा आहे, हे केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये सिद्ध केले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच शब्दाचे तिसरे अक्षर बदलून जी-ए-ए झाले असते, तर काहीच बिघडले नसते. कारण जी-ए-ए याचाही अर्थ ग्लूटामिक आम्ल असाच आहे. दप्तरात अक्षरे अधूनमधून बदलतच असतात. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. काही मात्र नेमके वर्मी बसतात. शिवाय नकलेत चूक झाली तर थोडी प्रथिने वाया जातात आणि प्रकरण मिटते. मूळ दप्तरात चूक असली तर प्रत्येक नक्कल तशीच निघते, आणि ती पुढच्या पिढीच्या दप्तरातही उतरते.

इतका घातक बदल हजारो वर्षे टिकला कसा, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत बदल असेल तरच हा आजार होतो. एकाच प्रतीत असेल तर तो माणूस केवळ वाहक ठरतो; तो सहसा निरोगी असतो आणि त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षणही मिळते. म्हणूनच जेथे मलेरियाचे थैमान होते त्या रानावनांच्या मुलखांत हे अक्षर टिकून राहिले. ज्या अक्षराने काहींचे प्राण घेतले, त्यानेच कित्येकांचे प्राण राखले.

या हिशेबातून व्यवहाराची एक गोष्ट निघते, आणि ती प्रत्येक घरात पोहोचली पाहिजे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक वेळी जन्मणाऱ्या मुलाला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. एकच वाहक असेल, तर मुलाला हा आजार होत नाही. म्हणजे आजारी मुलाच्या अंगी बदललेली एक प्रत आईची असते तशी दुसरी वडिलांची असलीच पाहिजे. सुनेला बोल लावणाऱ्या सासरच्या माणसांनी एवढे गणित जरी समजून घेतले, तरी कित्येक मुलींचे संसार सावरतील.

विवाहापूर्वी रक्ताचे काही थेंब तपासले की वाहक कोण हे कळते. वाहक असणे हा आजार नव्हे आणि लाजेची बाबही नव्हे. दोन वाहकांनी परस्परांशी विवाह करताना ते आधी ठाऊक असावे, एवढेच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. ज्यांना आजार आहे त्यांच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेक वर्षे वापरात आहे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. त्या हिमोग्लोबिनात बीटा माळ नसते, म्हणून त्याचे दोर होत नाहीत.

त्याच वाटेने विज्ञान आता आणखी पुढे गेले आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका यांनी एका नव्या उपचारास मान्यता दिली. रोग्याच्याच शरीरातील रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून, रेणूंच्या कात्रीने त्यांच्या दप्तरातील एका ठराविक जागी छेद दिला जातो. सहाव्या मण्याचे अक्षर तसेच राहते; परंतु जन्मानंतर बंद पडलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर सांगितली गेली. सातपुड्यातील पाड्यावर तो पोहोचावा ही इच्छा योग्यच आहे. पण तोपर्यंत त्या पाड्याला खरा आधार आहे तो वेळेवर झालेल्या तपासणीचा, नेमाने घेतलेल्या औषधाचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या समजूतदारपणाचा.

शनिवारवाड्याच्या कथेत अक्षर कोणी बदलले, याचा शोध लोकांनी दोनशेहून अधिक वर्षे घेतला आणि एका स्त्रीच्या नावावर तो दोष कायमचा लिहिला. पेशीच्या दप्तरातील अक्षर मात्र कोणीही हेतुपुरस्सर बदललेले नाही. तेथे आनंदीबाई नाही. नक्कल करणारा, दुभाष्या, मणी ओवणारा, सगळे निरपराध आहेत. आणि ज्या मातेच्या कुशीत ते मूल वाढले ती तर सर्वांत निरपराध. ते अक्षर कोठे आहे हे आज माणसाला ठाऊक झाले आहे. ते वाचून त्याप्रमाणे वागणे, एवढेच आता त्याच्या हाती उरले आहे.